शुक्रावरचा चीनू

आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांना एक खोड आहे. चारचौघांत गुपित बोलायचं झालं की आम्ही कोपरा शोधत नाही, आपली भाषा काढतो. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावरच म्हणतो, "ऊठ गं, दोन धुण्यांत रंग जाईल याचा," आणि त्याच्याकडे बघून गोड हसतो. सगळं गाव तमिळ बोलणारं, आपलं कोणाला कळतंय, ही समजूत. आजेसासूपासून चालत आलेली. त्या समजुतीपायी माझी दुकानात दोनदा फजिती झाली. चीनूची झाली ती टीव्हीवर.

चीनू म्हणजे श्रीनिवासराव. माझ्या यजमानांचा चुलतभाऊ. त्याची आणि आमची भिंत एक. उंच, काटकुळा, कान मोठे, डोळे खोल. त्याची बायको जया म्हणते, "यांना त्या सीरियलीत रंग कशाला फासला कोण जाणे. नुसते उभे केले असते तरी लोकांना पटलं असतं." चीनू आता शहात्तर वर्षांचा आहे. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण आमच्या भागात चाळिशीच्या आसपासच्या कोणालाही विचारा, तो चीनूला ओळखतो. श्रीनिवासराव म्हणून नव्हे, शुक्रावरचा म्हातारा म्हणून.

त्याचं असं झालं. पंच्याण्णव साली चीनू ओरत्तनाडूला नोकरीत होता. तिथलं जुनं चत्रम, म्हणजे राजांच्या वेळची धर्मशाळा, तिची किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात असे. मद्रासहून टीव्हीवाले आले. त्यांना 'वेळ्ळी वाशल' नावाची सीरियल करायची होती. वेळ्ळी म्हणजे शुक्र, वाशल म्हणजे दार. पृथ्वीवरची माणसं यानात बसून शुक्रावर जातात आणि तिथल्या लोकांशी त्यांची गाठ पडते, अशी गोष्ट. मी पाचवीपर्यंत शिकले, शुक्रावर कोणी राहतं की नाही ते मला विचारू नका. पण धर्मशाळेचे दगडी खांब बघून त्या लोकांना वाटलं, शुक्रावरचा राजवाडा असाच असणार. चीनूला त्याच्या साहेबांनी सांगितलं, किल्ली घेऊन जा आणि ते भिंतीला काही करत नाहीत ना, तेवढं बघ.

पहिल्याच दिवशी एकानं दिवा टांगायला खांबात खिळा ठोकायला घेतला. चीनू ओरडला, आणि ओरडला तो मराठीत. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून घरचंच निघतं.

डायरेक्टर जेवणाचं पान सोडून उठला. "सार, ही कुठली भाषा?"

"घरातली," चीनू म्हणाला.

"कोणाला कळते?"

"आमच्या घरात कळते."

झालं. शुक्रावरच्या लोकांना कुठली भाषा द्यावी म्हणून तो माणूस महिनाभर डोकं खाजवत होता. त्यानं चीनूला निळा रंग फासला, डोक्यावर शिंगासारखं काहीतरी बसवलं आणि शुक्रावरचा सर्वांत म्हातारा माणूस म्हणून उभा केला. वय सेहेचाळीस. बोलायचं काय, तर काहीही. खाली तमिळ अक्षरं यायची होती, ती त्यांची त्यांनी आधीच लिहिली होती. पहिले काही दिवस चीनूनं भाज्यांची नावं सांगितली. एकदा रेशनकार्डाचा अर्ज म्हणून दाखवला. खाली अक्षरं आली, "विश्वाचा आरंभ अंधारात झाला."

मग मोठा प्रसंग आला. पृथ्वीवरचा कप्तान शुक्रावरच्या झऱ्यात विष कालवतो आणि म्हातारा त्याला शाप देतो. चीनूला काही केल्या राग येईना. डायरेक्टर म्हणाला, "सार, तुमचा खरा राग ज्याच्यावर आहे त्याला डोळ्यांसमोर आणा, आणि त्याच्याशी बोला."

चीनूनं आपल्या भावाला डोळ्यांसमोर आणलं.

भाऊ म्हणजे राघवेंद्रराव. आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. चीनूपेक्षा आठ वर्षांनी मोठा, पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायचा. आई त्याच्याकडे असे. सीरियलच्या चार महिने आधी, ऐन वैशाखात, ती गेली. बरेच दिवस अंथरुणावर होती. चीनू तिला भेटायला गेला तर घरात दुसरं कोणी नाही. अण्णाची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, अण्णाचा पत्ता नाही, दार नुसतं लोटलेलं, आणि आई कोरड्या घशानं पाणी पाणी करतेय. चीनूनं चमच्यानं पाजलं. दोन घोट गेले. तासाभरात ती संपली. त्यानंतर अण्णा घामाघूम होऊन दारात आला. चीनू सगळ्या गल्लीसमोर ओरडला, "आईनं पाणी मागितलं! तू कुठे होतास?" अण्णानं उत्तर दिलं नाही. आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुढच्या तयारीला लागला. तेरावा झाला तरी उत्तर नाही.

तेच वाक्य चीनूनं शुक्रावरून म्हटलं. हात वर करून, डोळ्यांत पाणी आणून, तीन वेळा. "आईनं पाणी मागितलं! तू कुठे होतास?" खाली अक्षरं आली, "मानवा, तुझा काळ संपला."

आणि ते वाक्य असं चाललं म्हणता! पोरं क्रिकेट खेळताना आउट झालेल्याला म्हणायची. थांब्यावर बस थांबली नाही की तिच्या मागून म्हणायची. "आयीन पानी मागितल, तू कुट होतास!" अर्थ कोणाला ठाऊक नाही. आपली घरं सोडली तर सगळ्या मुलखात तो शुक्राचा शाप होता.

त्या आपल्या घरांत एक घर पापनाशमचं, हे चीनूच्या डोक्यातच आलं नाही. मी नंतर त्याला विचारलं, "अरे, अण्णा बघेल असं वाटलं नाही?" तर म्हणाला, "वैनी, वाटलं, कोणाला कळतंय!" खरंच कोणाला कळलं नाही. ज्याला कळायला नको होतं त्याला मात्र कळलं.

अण्णाच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं ते असं. एक दिवस अण्णाला वर्गावर जायला पाच मिनिटं उशीर झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी जाड आवाज काढून तेच म्हटलं आणि वर्ग हसला. पोरांच्या मनात पाप नव्हतं, अर्थच माहीत नाही तर पाप कुठलं? अण्णा फळ्याकडे वळला. तास संपेपर्यंत गणितं लिहीत राहिला, वर्गाकडे तोंड केलं नाही.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पापनाशम इथून बसनं तासाभराचं. पण आमच्यात तुटलेलं नातंही पाळावं लागतं. आईच्या तिथीला दोन्ही घरी वेगवेगळं श्राद्ध. एकच बाई, एकच दिवस, दोन गावांत पान वाढलेलं. मी चीनूकडे वडे तळायला जायची तेव्हा मनात यायचं, जिवंतपणी हिला कोणी एका दिवसात दोनदा वाढलं नाही. अण्णाची बायको गेली तेव्हा चीनूनं दहा दिवस सुतक पाळलं. दाढी नाही, पूजा नाही. पण तिथला उंबरा ओलांडला नाही. मी जाऊन आले. अण्णाला मात्र काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही चीनूचंच धरून बसले होते. तहानलेल्या आईला एकटी टाकून जाणारा माणूस, त्याला विचारायचं काय?

दोन वर्षांपूर्वी इळंगो आला. पस्तिशीचा, मद्रासचा, सिनेमाचा डायरेक्टर. लहानपणी 'वेळ्ळी वाशल' बघत वाढलेला, आता तिचाच मोठा सिनेमा करायला निघाला होता. आल्या आल्या चीनूच्या पाया पडला. चीनूचे कान लाल झाले.

"सार, माणसं नवी घेतलीत, यान नवं, शुक्र तर सगळा कॉम्प्युटरवर केलाय. पण म्हातारा तुम्हीच. आणि शाप तोच, एक अक्षर बदलायचं नाही. लोक त्या वाक्यासाठी येणार आहेत."

"दुसरं काहीतरी म्हणतो की," चीनू म्हणाला. "चांगलं म्हणतो."

"खुर्च्या फोडतील, सार!"

"सिनेमा मुंबईलाही लावणार म्हणतोस. तिथे सगळ्यांना कळेल."

"कळू दे की! शुक्रावर आपली माणसं पोचली म्हणून खूश होतील."

जया काफी घेऊन बाहेर आली. पेला त्याच्या हातात देत तिनं विचारलं, "तंबी, त्या वाक्याचा अर्थ माहीत आहे तुला?"

इळंगो हसला, मग थांबला. इतकी वर्षं म्हणत आला होता, पण विचारावं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. "काय आहे, अम्मा?"

जयानं चीनूकडे बघितलं. चीनू म्हणाला, "काही नाही. घरातलंच आहे."

आठ दिवसांत कळवतो असं सांगून त्याला पाठवलं. त्या आठ दिवसांत चीनू अर्धा झाला. सकाळीच येऊन माझ्या पायरीवर बसायचा.

"मला हवंय ते, वैनी," एकदा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? छत्तीस वर्षं फायलींना दोरे बांधले, त्यासाठी मला कुत्रं ओळखत नाही. ह्या एका वाक्यासाठी ओळखतात. ते दुसऱ्यानं म्हटलं तर मी कोण?"

"आणि तू म्हटलंस तर?"

"अण्णा ब्याऐंशीचा आहे. पुन्हा गावातली पोरं म्हणत फिरतील. मागे न कळत झालं. आता तसं म्हणता येणार नाही."

भिंतीपलीकडून जया म्हणाली, "मग जाऊन विचारा त्यांना. शुक्रावर जायला भीती वाटली नाही, पापनाशमला जायला वाटते?"

गेला, पण मला घेऊन. अण्णा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. चीनूला बघून पेपर खाली केला नाही. मला म्हणाला, "अंबा, ये. उन्हाची आलीस." आत जाऊन पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. दुसरा कोणासाठी ते बोलला नाही.

चीनूनं सगळं भराभरा सांगून टाकलं. सिनेमा, इळंगो, तेच वाक्य. शेवटी म्हणाला, "तू नको म्हणालास तर मी करणार नाही."

"मला काय विचारतोस? तेव्हा विचारलं होतंस?"

"तेव्हा चुकलं, अण्णा."

"सीरियलचं चुकलं म्हणतोस. त्याच्या आधीचं?"

"आधीचं काय चुकलं? आई पाणी मागत होती. मी तुला विचारलं, कुठे होतास. तू बोलला नाहीस."

"विचारलंस? ओरडलास."

"बरं, ओरडलो. आता विचारतो. कुठे होतास?"

मी पेला खाली ठेवला. एकोणतीस वर्षांत ते शब्द पहिल्यांदा मला प्रश्नासारखे ऐकू आले.

अण्णानं चष्मा काढून धोतराला पुसला. "बसस्टँडवर."

"कशाला?"

"तुला आणायला. तूच कार्ड टाकलं होतंस, बुधवारी सकाळच्या बसनं येतो म्हणून. आईनं तेच धरलं. चीनू येईल, ऊन झालंय, त्याला सायकलवर घेऊन ये. म्हटलं, तुला एकटी टाकून कसा जाऊ? पाणी पुढे केलं तर पेला सारला. म्हणे, आधी त्याला आण, मग पिते. गेलो. तीन बसेस आल्या. एकीतही तू नव्हतास."

चीनूच्या तोंडाकडे बघवेना. तो त्या दिवशी बसनं आलाच नव्हता. बसला गर्दी होती म्हणून आयत्या वेळी रेल्वेत बसला आणि स्टेशनाकडच्या वाटेनं घरी पोचला. रेल्वेचं त्यानंच मला कितीदा सांगितलं होतं. अण्णा बसवर वाट बघत असेल, हे त्याला सुचलं नाही तसं मलाही सुचलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?" चीनूनं विचारलं.

"काय सांगू? आई समोर निजलेली. तू रेल्वेनं आलास म्हणून ती एकटी राहिली, हे सांगू? जन्मभर उरावर घेऊन बसला असतास." चष्मा पुन्हा लावत अण्णा म्हणाला, "वर्षश्राद्धाला सांगणार होतो. तेवढ्यात तू निळा होऊन टीव्हीत आलास. म्हटलं, जा, नाही सांगत."

मला अण्णाचं हे आवडलं. आधीचं गप्प बसणं मायेचं, नंतरचं रागाचं, आणि दोन्ही त्यानं एका दमात कबूल केलं. नाहीतर माणसं म्हातारपणी आपला सगळा हेका मायेच्या नावावर खपवतात.

चीनू रडला, आवाज न करता, नाक पुसत. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "म्हण तुझं वाक्य. मला आता ऐकूही कमी येतं. आणि पोरांना कशाला हिरमुसलं करायचं?"

पुढचं मद्रासचं मला जयानं सांगितलं. ह्या वेळी निळा रंग नव्हता. चीनूला काळे घट्ट कपडे घातले, तोंडावर ठिपके काढले. बाकीचा म्हातारा कॉम्प्युटर करणार होता. चीनूनं हात वर केले, वाक्य म्हटलं.

"सार, राग," इळंगो म्हणाला.

पुन्हा म्हटलं.

"सार, तुम्ही विचारताय. शाप द्या."

चौदा वेळा झालं. पण राग धरायला चीनूला समोर कोणी सापडेना. डोळे मिटले की सायकल घेऊन उन्हात उभा असलेला अण्णा दिसायचा, असं त्यानं नंतर जयाला सांगितलं. शेवटी इळंगो जवळ येऊन बसला. "सार, तुमचं ऐकून माझा कप्तान रडेल. त्याला भीती वाटली पाहिजे."

तेव्हा चीनूनं त्याला अर्थ सांगितला. पोरगा उठला आणि त्यानं बाकीच्यांना जेवायला पाठवलं. मग म्हणाला, "काढून टाकू का वाक्य?"

"नको. भावानं परवानगी दिलीय. मला जमत नाही, एवढंच."

इळंगो चांगला होता, पण सिनेमा त्याच्या एकट्याचा नव्हता. आठवड्यानं फोन आला, मद्रासचा एक नट घेतलाय, वाक्य त्याच्याकडून घोटून घेतलंय. चीनू "सरि, सरि," म्हणजे बरं, बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. पुढे दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. भाऊ मिळाला म्हणून गेलेल्या गोष्टीचं वाईट वाटायचं थांबत नाही. मी त्याला उगाच समजावलं नाही.

यंदा पोंगलला सिनेमा लागला. अण्णा पापनाशमहून आला आणि आम्ही चौघं सकाळच्या खेळाला गेलो. चाळिशीचे बाप आपापल्या पोरांना घेऊन आले होते. शापाचा प्रसंग जवळ आला तसं थिएटर आधीच उठून उभं राहिलं. पडद्यावर ताडाएवढा निळा म्हातारा, मागे विजा, खाली धुरळा. त्यानं हात वर केले आणि अशी गर्जना केली की माझी खुर्ची हलली. शिट्ट्या, टाळ्या, कागदाचे कपटे.

मी चीनूकडे बघितलं. ताठ बसला होता, ओठ हलत होते.

अण्णा कानामागे हात धरून ऐकत होता. मोठ्यानं म्हणाला, "हा कोण रे? घरात आजारी माणूस आणि हा एवढ्यानं ओरडतोय?"

चीनू फस्सकन हसला. "मीही एवढ्यानंच ओरडलो होतो."

"तू बरा ओरडला होतास. ह्याच्या आईनं काही पाणी मागितलेलं दिसत नाही."

मग दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून शू-शू केलं, तर अण्णानं त्यालाच बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. मध्यंतर झालं तसा म्हणाला, "पाय अवघडले. चीनू, मला बसवर सोड." चीनू लगेच उठला.

जया म्हणाली, "अहो, आणि शेवट?"

"तू बघून ये."

आम्ही दोघी बसून राहिलो. शेवट वाईट नाही. शुक्र वाचतो, कप्तान मात्र तिथेच राहतो, का ते मला नीट कळलं नाही. घरी आलो तर चीनूच्या दाराला कुलूप. बसवर सोडायला म्हणून गेला तो बसमध्येच बसला होता, पापनाशमला चार दिवस राहिला. आला तेव्हा अण्णाच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते मला विचारलं. सिनेमाचं काय झालं ते अजून विचारलेलं नाही.